पोळा ते संक्रांत

परभणीत राहून धावण्याच्या शर्यतीची तयारी करायची असेल तर घड्याळाआधी पंचांग घ्यावं, असं मी मैत्रिणींना सांगते. त्या हसतात, पण हिशेब सरळ आहे. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिसरा रविवार १५ ते २१ तारखेच्या आतच येणार आणि संक्रांत १४ ला नाहीतर १५ ला. म्हणजे संक्रांतीला लागून येणारा रविवार हा शर्यतीचा. तिथून मागं मोजत आलं की चार-पाच महिन्यांवर पोळा लागतो. आणि ज्यानं शाळा सुटल्यापासून पळून पाहिलेलं नाही, त्याला २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन सुखानं पूर्ण करायला साधारण तेवढेच दिवस लागतात. शर्यतीची तारीख मुंबईनं ठरवली असेल, पण तयारीचे महिने आमच्याकडच्या शेतीच्या आणि सणांच्या चक्रात चपखल बसलेत.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय चाळिशीच्या पुढे. लहानपणी खो-खो खेळले. पुढं डी.एड., लग्न, बदल्या आणि लेकरं यांत मैदानाशी संबंध राहिला तो १५ ऑगस्टला फक्की मारण्यापुरता. डॉक्टरांनी ‘साखर काठावर आहे’ असं सांगितलं तेव्हा चालायला लागले. चालता चालता पळायला लागले आणि पळता पळता शर्यतींची गोडी लागली. हे सगळं वसमत रोडवरच्या आणि कृषी विद्यापीठाच्या डांबरी रस्त्यांवर घडलं. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ असं आमच्या गावाबद्दल लोक गमतीनं म्हणतात. धावण्याच्या बाबतीत माझं सगळं परभणीतच बनलं.

परभणीच्या ज्योती गवते

पहिल्यांदा मी शर्यतीचा विषय काढला तेव्हा घरात सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं: हे पुण्या-मुंबईच्या लोकांचे शौक. त्यावर माझ्याकडे एक बिनतोड उत्तर होतं. ज्योती गवते परभणीच्याच. २०१७ साली मुंबई मॅरेथॉनमध्ये, म्हणजे पूर्ण ४२.१९५ किलोमीटरमध्ये, त्या भारतीय महिलांत पहिल्या आल्या. वेळ होती २ तास ५० मिनिटं ५३ सेकंद. पुढं २०१८, २०१९ आणि २०२० अशी ओळीनं तीन वर्षं त्या भारतीय महिलांत दुसऱ्या आल्या. तिन्ही वेळा त्यांच्या पुढं होत्या रायबरेलीच्या सुधा सिंग, २०१० च्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण जिंकलेल्या. २०१९ ची ज्योती यांची वेळ २ तास ४५ मिनिटं ४८ सेकंद. भागाकार केला तर एक किलोमीटर चार मिनिटांच्याही आत, आणि असे बेचाळीस, एकामागून एक. त्यांचे प्रशिक्षक रवी रासकटला हेही परभणीचेच. म्हणजे धावणारी आमची, शिकवणारे आमचे, फक्त शर्यत मुंबईची.

मला एका किलोमीटरला त्यांच्या दुप्पट वेळ लागतो आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. पण ज्या गावात समुद्र नाही, डोंगर नाही, त्या गावातून देशातल्या पहिल्या फळीतली मॅरेथॉन धावपटू निघू शकते, ही माहिती आमच्या वर्गातल्या मुलींना पुष्कळ कामाची आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे तर सगळ्यांना ठाऊक आहेत: २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचं रौप्य, २०२३ मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. मराठवाडा म्हटलं की दुष्काळ आणि मागासलेपण एवढंच ज्यांना आठवतं, त्यांनी ही नावंही लक्षात ठेवावीत.

मुलींना मी आणखी एक गोष्ट सांगते. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरिन स्विट्झर नावाची विद्यार्थिनी के. व्ही. स्विट्झर अशी आद्याक्षरं लिहून उतरली, तेव्हा संयोजकांपैकी एकानं भर रस्त्यात तिचा क्रमांक ओढून काढायचा प्रयत्न केला. बाईला एवढं अंतर झेपत नाही, अशी तेव्हा समजूत होती. ऑलिंपिकमध्ये महिलांची मॅरेथॉन सुरू व्हायला १९८४ साल उजाडलं. म्हणजे माझी आई शाळेत होती तेव्हा जगात जवळजवळ कुठंच हे सरळपणे शक्य नव्हतं.

पाढा म्हणता येईल एवढंच पळा

नवीन माणूस पळायला निघाला की दोनशे मीटरमध्ये धापा टाकत कमरेवर हात ठेवून उभा राहतो आणि ‘आपल्याला जमायचं नाही’ म्हणून घरी येतो. खरं कारण एवढंच असतं की तो फार जोरात पळालेला असतो. आपल्या मनात पळणं म्हणजे शाळेतली शंभर मीटर. लांब पल्ल्याचं पळणं ही निराळीच चाल आहे, आणि ती आधी हळू जमवावी लागते.

किती हळू? प्रशिक्षक सांगतात, बोलता येईल इतकं. मी शिक्षिका असल्यानं माझं माप पाढ्यांचं आहे. सतराचा पाढा मोठ्यानं म्हणत पळायचं. सतरा एके सतरापासून सतरा दाहेपर्यंत न अडखळता गेलात तर वेग बरोबर आहे. सतरा चोकला श्वास तुटला तर वेग कमी करा, वेळ पडली तर चाला. पाढा म्हणून वर गाणंही म्हणता आलं तर थोडा वेग वाढवायला हरकत नाही. विद्यापीठाच्या रस्त्यावर पहाटे फिरायला येणारे निवृत्त साहेब लोक माझा पाढा ऐकून सुरुवातीला दचकायचे. आता त्यांच्यातले एक-दोघं पुढचा आकडा आपणच पुरवतात.

आठवड्याच्या एकूण पळण्यातले पाचातले चार भाग तरी याच वेगाचे असावेत. या सावकाश पळण्यात शरीरात बरंच बांधकाम चालतं. हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला लागतं, पायांच्या स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात आणि साखरेबरोबर चरबी जाळायची शरीराला सवय होते. दम महिन्या-दीड महिन्यात वाढलेला जाणवतो. हाडं, सांधे आणि टाचेमागची जाड शीर मात्र त्यांच्या संथ गतीनं मजबूत होतात. घोटा ते गुडघा यांच्यामधलं नडगीचं दुखणं बहुतेकांना होतं ते इथंच: छाती तयार असते, हाड तयार नसतं.

म्हणून अंतर सणासणानं वाढवायचं. पोळ्यापासून घटस्थापनेपर्यंत बरोबर एक चांद्रमास असतो. या महिन्यात अर्धा तास बाहेर पडायचं, एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, आठवड्यातून चार दिवस. हळूहळू चालणं कमी करत जायचं. घटस्थापनेपर्यंत अर्धा तास सलग पळता यायला लागतं. दसऱ्याला रविवारचं पळणं सहा किलोमीटर, दिवाळीला दहा. चंपाषष्ठीला तेरा-चौदा, दत्तजयंतीच्या सुमाराला पंधरा आणि नाताळच्या सुट्टीत एकदाच अठरा. लांब पल्ला फक्त रविवारी. बाकीचे तीन दिवस चार ते सात किलोमीटरच्या वर जायचं नाही. दर चौथ्या आठवड्याला अंतर कमी करायचं. शर्यतीआधी एकवीस पळून बघायची गरज नसते. अठरा जमलं की उरलेले तीन गर्दी आणि उत्साह ओढून नेतात.

आणि विश्रांती. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतात, त्याला कामाला जुंपत नाहीत. ज्या गावात बैलाला सुट्टी मिळते, त्या गावातल्या माणसानं आठवड्यातून दोन-तीन दिवस पाय मोकळे सोडले तर काय बिघडतं? शरीर घडतं ते या सुट्टीच्या दिवशी, झोपेत. शेवटच्या दोन आठवड्यांत तर अंतर निम्म्यावर आणायचं. या काळात माणूस अस्वस्थ होतो, केलेलं सगळं विसरल्यासारखं वाटतं. तिळाचे लाडू वळावेत, पळू नये.

चिकट माती, कोरडी हवा

परभणीची जमीन काळी आणि कसदार. कापसाला, ज्वारीला, सोयाबीनला सोन्यासारखी. पळणाऱ्याला वर्षातले चार महिने वैरीण. पावसाळ्यात या मातीत पाय टाकला की बुटाला थर चढतो, त्यावर दुसरा, आणि पंधरा-वीस पावलांत प्रत्येक पायाला किलोभराचा गोळा लटकतो. काठीनं खरवडलं तरी निघत नाही. त्यामुळं पोळ्याच्या सुमाराला डांबरी रस्ता हाच आसरा. १९७२ साली स्थापन झालेल्या आणि २०१३ पासून वसंतराव नाईक यांचं नाव लागलेल्या कृषी विद्यापीठाच्या आवारात असा रस्ता आहे, झाडं आहेत, आणि पहाटे माणसांची जागही असते. एकट्या बाईला पळायला जागा निवडताना हा शेवटचा मुद्दा मी सगळ्यात वर ठेवते.

दसऱ्यानंतर ऊन पुन्हा तापतं. सोयाबीनच्या मळण्या सुरू असतात, हवेत भुसकट असतं. कापूस वेचायला निघालेल्या बायांनी भरलेली ऑटो शेजारून जाते आणि आतून प्रश्न येतो, “कामून पळायलात मॅडम, कोन मागं लागलं?” मी म्हणते, “साखर!” ऑटोभर हशा पिकतो. एका आजींनी मात्र मान डोलावून सांगितलं होतं, “पळ माय, पळ. मला बी हाय ती.”

दिवाळी सरली की पळणाऱ्याचे खरे सुगीचे दिवस येतात. चिखल वाळून पांदणी मऊ आणि भरीव होतात. त्यावर पाय डांबरापेक्षा कमी ठेचतो. डिसेंबरात थंडी अशी पडते की विद्यापीठाच्या हवामान केंद्रानं नोंदलेलं किमान तापमान दुसऱ्या दिवशी गावभर चर्चेत असतं. पारा एकेरी आकड्यावर उतरतो. कानटोपी घालून निघायचं आणि दुसऱ्या किलोमीटरला ती कमरेला खोचायची. लांब पळायला याहून चांगली हवा महाराष्ट्रात शोधून सापडायची नाही. फक्त उसाच्या ट्रॉल्यांपासून जपायचं. मागं दिवा नसलेली ट्रॉली धुक्यात अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नाही. म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं पळावं आणि अंगात चकाकणारं जाकीट असावं. कुत्री मागं लागली तर थांबून त्यांच्याकडे तोंड करून चालावं. पळणाऱ्याच्याच मागं ती पळतात.

उन्हाळ्याबद्दल मात्र शौर्य गाजवू नये. एप्रिल-मेमध्ये परभणी ४४-४५ अंशांपर्यंत जाते. शरीर उन्हाला सरावतं हे खरं. दहा ते चौदा दिवस रोज थोडं थोडं तापत गेलं की घाम लवकर सुटायला लागतो, घामातलं मीठ कमी होतं आणि रक्तातला पाण्याचा अंश वाढतो. पण या सरावालाही मर्यादा आहे. त्या महिन्यांत सूर्य वर यायच्या आत अर्धा तास, नाहीतर घरातच उठाबशा आणि जिन्याच्या पायऱ्या. उष्माघाताची एक खूण सगळ्यांनी लक्षात ठेवावी. घाम थांबला की उष्माघात, असं आपण ऐकलेलं असतं. मेहनत करताना होणाऱ्या उष्माघातात अंग घामानं भिजलेलंही असू शकतं. खरी खूण म्हणजे माणूस भलतंसलतं बोलतो, झोकांड्या देतो, नाव विचारलं तर गोंधळतो. असं दिसलं की सावलीत आडवं करून अंगावर मिळेल तितकं गार पाणी ओतायला लागायचं आणि १०८ ला फोन करायचा. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

भाकरी, लोह आणि गूळ-शेंगदाणे

शर्यतीच्या जाहिरातींत रंगीबेरंगी पाकिटं असतात, पिळून खायच्या गोड चिकाची. ती वाईट नाहीत, पण त्यामागचं गणित कळलं की घरातलं बरंच काही चालतं. स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर मध्यम वेगानं साधारण दीड-दोन तास पुरते. त्याहून जास्त वेळ पळायचं असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. दोन केळी म्हणा, किंवा मूठभर खजूर. मी कमरेच्या पाऊचमध्ये खजूर आणि गुळाचे खडे ठेवते. शेंगदाण्याची चिक्की पळून झाल्यावर, कारण तेलकट पदार्थ पळताना पोटात बसून राहतो. एक पथ्य मात्र कडक: शर्यतीत जे खायचं, ते रविवारच्या पळण्यात आधी खाऊन पाहिलेलं असावं. नवं खाणं आणि नवे बूट शर्यतीच्या दिवशी वर्ज्य.

आदल्या रात्री माझ्या सासूबाई विचारतात, “भाकरी का पोळी?” उत्तर ठरलेलं असतं: ज्वारीची भाकरी, भाजी कमी तिखट. ज्वारीच्या बाबतीत तर आमचं गाव नावाजलेलं. कृषी विद्यापीठानं हैदराबादच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर काम करून २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ नावाचं वाण दिलं. त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. बायकांनी हे विशेष लक्षात घ्यावं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिनच कमी असेल तर दम लागणारच. त्यात इच्छाशक्तीचा काही दोष नाही. म्हणून बूट विकत घेण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. ते कमी असेल तर नुसत्या भाकरीवर विसंबू नका, डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळ्या घ्या. चाळिशीपुढच्यांनी आणि साखर-रक्तदाब असलेल्यांनी हृदयाची तपासणीही करून घ्यावी.

खर्च करायचा तर बुटांवर. दुपारनंतर, पाय थोडे फुगलेले असताना मापाला जावं आणि अंगठ्यापुढं बोटभर जागा ठेवून घ्यावेत. बायकांनी चांगल्या स्पोर्ट्स ब्रावर पैसे वाचवू नयेत. काखा, मांड्या, शिवणीची जागा यांना पेट्रोलियम जेली लावावी. बाकी सुरुवातीचे कित्येक महिने मी पंजाबी ड्रेसवरच पळाले. ओढणी मागं गाठ मारून पक्की केली की तिचा त्रास होत नाही.

जिंतूरचा चढ, गंगाखेडचं पाणी

परभणी शहर सपाट. मुंबईच्या शर्यतीत मात्र पेडर रोडचा चढ आहे. त्याची तयारी कुठं करायची? जिल्ह्याच्या उत्तरेला जिंतूर तालुक्यात अजिंठ्याच्या रांगेचे फाटे येतात, दक्षिणेला गंगाखेडकडे बालाघाटचे. जिंतूरपासून तीनेक किलोमीटरवर नेमगिरी आहे, जैन लेण्यांची टेकडी. पायथ्याला गाडी लावून टेकडीचा रस्ता सावकाश चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. नंतर बूट काढून आत जायचं आणि लहानशा दगडावर तोललेल्या पार्श्वनाथांच्या भव्य मूर्तीपुढं हात जोडायचे. तिच्या एकूण वजनाकडे बघितलं की आपल्या पोटऱ्यांची तक्रार आपोआप कमी होते. तिथून येलदरीकडे निघावं. पूर्णा नदीवरचं हे धरण पावसाळ्याच्या शेवटी भरलेलं असताना पाहावं, काठाकाठानं चालावं. पण पाण्यात उतरू नये. जलाशयाच्या काठाचा अंदाज पट्टीच्या पोहणाऱ्यालाही येत नाही. वाट वाकडी करायची तयारी असेल तर चारठाण्याची जुनी मंदिरं आणि दीपमाळ बघून यावं.

सायकलवाल्यांना तर जिल्हा आंदण दिल्यासारखा आहे. गंगाखेड चाळीसेक किलोमीटर. पहाटे निघून गोदावरीच्या घाटावर पाय बुडवावेत, संत जनाबाईंचं दर्शन घ्यावं आणि ऊन चढायच्या आत परतावं. औंढा नागनाथ पन्नासेक किलोमीटर. १९९९ मध्ये हिंगोली वेगळा होईपर्यंत ते आमच्याच जिल्ह्यात होतं. ज्यांना पुढं जायचं त्यांच्यासाठी बीआरएम नावाचे लांब पल्ले असतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे. पहिला-दुसरा असा नंबर नाही, फक्त वेळेत पोहोचायचं. परभणीहून छत्रपती संभाजीनगर रस्त्यानं साधारण तेवढंच.

चालण्याचं शिक्षण घ्यायचं तर मी आषाढी वारीच्या दिवसांत दैठण्याच्या रस्त्यावर उभी राहते. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड, परळी अशी पंढरपूरला जाते. महिनाभर रोज चालणाऱ्या वारकऱ्यांकडून तीन गोष्टी शिकाव्यात: पादत्राण जुनं आणि पायाला सरावलेलं हवं, सकाळचा टप्पा उन्हाआधी उरकायचा, आणि मुक्कामाला पोहोचल्यावर आधी पाय बघायचे. फोड धरायच्या आधीच लाल झालेली जागा सापडते.

मुंबईचा रविवार

शर्यतीला जाणं परभणीकरांना सोपं आहे. देवगिरी एक्स्प्रेस रात्री इथून निघते आणि सकाळी थेट सीएसएमटीला उतरवते. पूर्ण मॅरेथॉन सुटते ती याच स्टेशनच्या समोरून. मात्र शनिवारी पोहोचून चालत नाही असं मी सांगेन. छातीवर लावायचा क्रमांक शर्यतीच्या आदल्या दिवसापर्यंत स्वतः जाऊन घ्यावा लागतो, तिथं गर्दी असते आणि पायांना विश्रांती हवी असते. शुक्रवारीच उतरावं.

आणखी एक कारण हवेचं. परभणीत आपण थंड, कोरड्या हवेत तयार झालेले असतो. इथं पळून आलं की कुर्त्यावर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असतात, कारण घाम आल्याआल्या उडून जातो आणि उडताना अंग गार करतो. मुंबईत जानेवारीतही हवा दमट. घाम उडत नाही, निथळतो. निथळलेल्या घामानं अंग गार होत नाही. त्यामुळं परभणीत जो वेग सहज वाटतो तोच वरळीला जड जातो. यावर उपाय एकच: पहिले पाच किलोमीटर मुद्दाम हळू. पाढा म्हणून बघायचा. आजूबाजूचे लोक वेड्यात काढतात, पण पुढं त्यांतले पुष्कळजण चालताना भेटतात.

अर्धमॅरेथॉन माहीमहून पहाटेच्या अंधारात सुटते आणि सागरी सेतूवर चढते. एरवी या पुलावर पायी माणसाला बंदी. या दिवशी दोन्ही बाजूंना काळं पाणी, वर तारांचे पंखे आणि मधे हजारो बुटांचा एकसारखा आवाज. पुढं हाजी अली, आणि मग पेडर रोड. चढ फार मोठा नाही, पण पाय थकलेले असताना येतो. इथं पावलं आखूड करायची, नजर दहा पावलांपुढच्या रस्त्यावर ठेवायची, हात जरा जास्त हलवायचे. दोन्ही बाजूंना मुंबईकर उभे असतात. कुणी संत्र्याच्या फोडी पुढं करतं, कुणी बिस्किटं, कुणी ढोल वाजवतं. एका आजोबांनी माझ्या छातीवरचं नाव वाचून हाक मारली आणि म्हणाले, “चला ताई, आता उतारच आहे!” तो उतार थेट मरीन ड्राइव्हला जातो.

पाण्याचं टेबल दिसलं की प्यायलाच पाहिजे असं नाही. तहानेनुसार घोट-दोन घोट प्यावेत. भीतीपोटी लिटरच्या लिटर साधं पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकं जड होणं, गोंधळ इथपासून जिवावर बेतण्यापर्यंत मजल जाते. सावकाश पळणाऱ्यांना हा धोका अधिक, कारण ते जास्त वेळ रस्त्यावर असतात आणि जास्त टेबलं गाठतात. ओआरएसची पुडी जवळ असावी, पण ती पुडीवर लिहिल्याप्रमाणे पूर्ण पाण्यातच मिसळावी.

संपल्यावर पदक मिळतं. पहिल्यालाही आणि वेळेत आलेल्या शेवटच्यालाही सारखंच. आमच्या परीक्षांच्या जगात राहणाऱ्या बाईला ही पद्धत फार आवडते.

आपल्या गावातली शर्यत

सगळ्यांना मुंबई जमणार नाही, जमायची गरजही नाही. पुण्यात १९८३ पासून मॅरेथॉन होते, साताऱ्यात २०१२ पासून कासच्या घाटात चढणारी अर्धमॅरेथॉन. आता लहान गावांतही पाच-दहा किलोमीटरच्या शर्यती भरतात. अशा शर्यतीत नाव घालण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: रस्त्यावर पाणी आणि रुग्णवाहिका आहे का, बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का, आणि शेवटचा माणूस येईपर्यंत संयोजक थांबतात का. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून शर्यत लोकांसाठी आहे की फलकावरच्या फोटोंसाठी, हे कळतं.

मी शर्यती मोजत नाही. मला विचाराल तर या सगळ्यातला आनंद त्या एका रविवारी फार थोडा असतो. तो पोळा ते संक्रांत या महिन्यांत वाटून ठेवलेला असतो: पहिल्यांदा न थांबता अर्धा तास पळालो त्या दिवशी, दिवाळीचा फराळ अंगावर न येता जिरला त्या आठवड्यात, नेमगिरीचा चढ बोलत बोलत चढलो त्या सकाळी. शर्यत लागते ती तारीख डोळ्यांपुढं असावी म्हणून. तारीख नसली तर पहाटे साडेपाचला गोधडीतून बाहेर यायला कुणी तयार होत नाही, मीही नाही.

तेव्हा ज्यांचं मुंबईचं नाव नोंदवायचं राहील, त्यांनी संक्रांतीनंतरच्या रविवारी आपापल्या गावात तारीख धरावी. परभणीत असाल तर विद्यापीठाच्या रस्त्यावर या. पाच किलोमीटर पळा, दहा पळा, सगळं चालत केलंत तरी हरकत नाही. शिट्टी कुणी फुंकणार नाही, वेळ कुणी लावणार नाही. त्या दिवसांत ज्वारीचा हुरडा आलेला असतो. पळून झाल्यावर एका मैत्रिणीच्या शेतात आगटी पेटते, तिळाची चटणी आणि दही असतं. हुरडा गरमच खायचा असतो, त्यामुळं तिथं मात्र उशिरा येणाऱ्यासाठी कुणी थांबत नाही.